हाडांच्या मापात पाप

६ जानेवारी, सकाळ

नवी वही काढली. एक तारखेला लिहिलेले संकल्प पाच तारखेच्या पुढे जात नाहीत हे अनुभवाने ठाऊक आहे, म्हणून मी सहाला सुरुवात करतोय. संकल्प असे: रोज सकाळी चालायला जाणे. रागावर ताबा ठेवणे. हाडं तपासणाऱ्या त्या सेंटरला सरळ करणे.

तिसरा आधी घेतो. बाहेर थंडी आहे.

६ जानेवारी, दुपार

काल ही मला त्या सेंटरवर घेऊन गेली. ही म्हणजे बायको. मूळ भुणभुण तिच्या बहिणीची. बहीण आणि माझा साडू उत्तरेकडच्या थंड देशात राहतात आणि तिथून फोनवर आमच्या तब्येतीचा कारभार बघतात. या वयात हाडांचा स्कॅन हवाच, म्हणे. गेलो. टेबलावर आडवं केलं, अंगावरून एक दांडा फिरवला आणि मशीनवाल्या बाईंनी कागद हातात ठेवला. उणे दोन पूर्णांक नऊ. खाली लाल अक्षरांत: हाडं ठिसूळ. हिचा आकडा उणे दोन पूर्णांक सात, तोही लाल.

मी विचारलं, उणे कशापेक्षा? उभा जन्म वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढला. आकडा दिसला की माझा पहिला प्रश्न हाच. बाई म्हणाल्या, तिशीतल्या धडधाकट माणसांशी तुलना करतात. मी सत्तरीला टेकलेला. बरं, तेही सोडलं. पण तिशीतल्या कुठल्या माणसांशी? बाईंनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, मशीन बाहेरून येतं, त्यात तिकडच्या लोकांचं माप भरलेलं असतं.

सापडले. माल कमी भरला तर आधी तराजू बघावा, हे मी दुकानदारांना ओरडून सांगत आलो. दूध पिऊन माजलेल्या सहा फुटी परक्या लोकांच्या मापाने माझं हाड जोखायचं, याला आमच्या खात्यात मापात पाप म्हणत आणि त्याला दंड होता.

९ जानेवारी

सेंटरवर गेलो. मला बघताच बाई चहाला निघून गेल्या. परत आल्या तेव्हा मी तिथेच होतो. म्हटलं, मशीनमध्ये आपल्याकडच्या लोकांचंही माप असेलच. बाई म्हणाल्या, यादीत आहे, पण डॉक्टर सांगतात तेच आम्ही लावतो. मी ग्राहकाचे हक्क सांगितले. नंतर जुनं ओळखपत्र काढलं. रांगेतले लोकच शेवटी बाईंना म्हणाले की यांचं काय ते एकदाचं करून द्या. बाईंनी यादीतला दुसरा प्रदेश निवडला आणि बटण दाबलं.

उणे दोन पूर्णांक दोन. लाल अक्षरं गेली. आता लिहिलंय: घनता किंचित कमी. एक गोळी न खाता हाडं सुधारली.

हिचाही कागद बदलून आणला. ही म्हणाली, आत हाड तेच आहे ना? बायकांना तराजूतलं कळत नाही.

१२ जानेवारी

नवा रिपोर्ट बघून हाडांच्या डॉक्टरीणबाई हसल्या. हसणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. म्हणाल्या, जगाच्या निरनिराळ्या भागांतली हाडं निरनिराळी असतात हे खरंय, कुणाला कुणाचं माप लावावं यावर आमच्यातही वाद आहेत. इथवर ठीक होतं. पुढे त्या घसरल्या. म्हणाल्या, पण पट्टी बदलली म्हणून हाड भरत नाही. मग माझ्या पाठीकडे बघत म्हणाल्या, उंची कमी झालीय का? जरा भिंतीशी उभे राहा.

भिंतीवरची ती पट्टी मी शिरतानाच हेरली होती. चिकटपट्टीने लावलेली, तिच्यावर शिक्का नाही की तारीख नाही. असल्या पट्टीखाली मी उभा राहणार नाही असं तोंडावर सांगितलं. माझी उंची पाच फूट नऊ इंच आहे. नोकरीच्या कागदावर आहे.

मग त्यांनी आम्हा दोघांना आठवड्याला एक गोळी लिहून दिली. तिचे नखरे काय विचारता. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही. वर माझ्या पाठीचा एक्स-रे काढा म्हणाल्या. एखादा मणका आधीच खचला असेल तर पुढचा खचायच्या आत औषध सुरू व्हायला हवं, नाहीतर एकामागून एक जातात आणि माणूस कायमचा वाकतो. भीती घालून माल खपवणारे मी पुष्कळ पाहिलेत. चिठ्ठीला हात लावला नाही. हिने उचलून पर्समध्ये टाकली.

१८ जानेवारी, रविवार

रविवार असल्याने चालायला गेलो नाही. चहा मिळाला नाही. ही पेलाभर पाणी प्यायली आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. हाक मारली तर हातानेच थांबा म्हणाली. बराच वेळ तशीच उभी, खुर्ची शेजारी असून बसली नाही. हा राग आहे. कशाचा ते मी विचारणार नाही. विचारलं की सांगतात.

२१ जानेवारी

कपाटाच्या वरच्या फळीवरून फाइलींचा गठ्ठा काढायला गेलो तर हात पुरेना. गेल्या वर्षी पुरत होता. मध्ये सुतार बिजागऱ्या बसवायला आला होता, त्यानेच फळी वर ठोकली. फोन करून झाडला. तो म्हणाला, फळीला हात लावला असेल तर हात झडो. स्टीलची टेप काढून मोजलं. फळी होती तिथेच आहे. म्हणजे बनियन आटलंय, काखेत धरतंय. हिला बजावलं की गरम पाण्यात भिजवत जाऊ नकोस. सुताराला परत फोन करायची गरज वाटत नाही, बिजागऱ्या अजून कुरकुरतात.

२५ जानेवारी, रविवार

पुन्हा पाणी, पुन्हा बाल्कनी, पुन्हा मौन. या वेळी माझ्याही उशाशी पाण्याचा पेला आणि वाटीत काहीतरी पांढरं ठेवलं होतं. असल्या समेटाला मी भुलत नाही. सगळं तसंच मागे सरकवलं आणि स्वतः चहा केला. दूध उतू गेलं. गॅसची शेगडीसुद्धा हिच्याच बाजूची.

२८ जानेवारी

साडूचा फोन. मार्चमध्ये एकटाच येतोय, दातांचं काम करून घ्यायला. तिकडे म्हणे दातांचा डॉक्टर लवकर भेटत नाही. एवढा पुढारलेला देश, आणि दात दाखवायला इथे.

त्याच्याबद्दल लिहून ठेवतो, कारण उद्या मी तोंडावर बोललो तर मलाच भांडकुदळ म्हणतील. लग्नाच्या फोटोत तो माझ्या शेजारी उभा आहे आणि माझ्यापेक्षा चांगला चार बोटं बुटका आहे. सासूबाई उठल्याबसल्या जावयांची तुलना करायच्या. त्याचा पगार, त्याचा देश, त्याचा गोड स्वभाव. उंचीचा विषय निघाला की मात्र गप्प व्हायच्या. सासुरवाडीत माझ्या वाट्याला आलेलं एवढंच, आणि ते मी जपलंय. तो समोर आला की मी जरा ताठ उभा राहतो, त्याला बोलताना मान वर करावी लागते आणि माझा दिवस बरा जातो.

फोन ठेवल्यावर त्याने एक लेख पाठवला. जगभरच्या म्हाताऱ्यांची हाडं, कुठल्या प्रदेशात कशी. खाली लिहिलं होतं: भाऊ, प्लीज वाचा आणि गोळी सुरू करा. मला प्लीज म्हणतो.

२ फेब्रुवारी

लेख वाचला. शत्रूने आपल्या हाताने तोफ आणून दिली. लेख तिकडच्याच लोकांनी लिहिलाय, आणि त्यात कबूल केलंय की उत्तर युरोपातल्या थंड देशांत हाडं भरीव, कॅल्शियम उदंड, आणि तरी म्हातारपणी खुबा मोडून घेण्यात जगात तेच पुढे. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत हे प्रमाण कितीतरी कमी. पूर्व आशियातल्या लोकांची हाडं मशीनवर हलकी भरतात, पण खुबे त्यांचे कमी मोडतात. यावरून लहान मूलही सांगेल की हाड जितकं भरीव तितकं मोडकं. म्हणजे माझा पहिला लाल आकडासुद्धा खरं तर अभिनंदनाचा होता.

पुढे लेखकांनी सारवासारव केलीय. तिकडे माणसं फार वर्षं जगतात, बर्फावरून घसरतात, उंचीचा परिणाम होतो, काही देशांत नोंदीच धड होत नाहीत. हा भाग चाळला. शेवटी दोन पानं मणक्यांवर आहेत. खुबा संपला तिथेच लेख संपवायला हवा होता, लोकांना कुठे थांबावं कळत नाही.

९ फेब्रुवारी

ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या वार्षिक सभेत व्याख्यान द्यायचं ठरवलं. विषय: आमची हाडं, त्यांची हाडं. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले की वेळ कमी आहे. मी त्यांच्या घरी जाऊन वेळ वाढवून घेतला. सभा मार्चच्या मध्यावर, म्हणजे साडू पहिल्या रांगेत असणार.

स्लाइड स्वतः तयार केल्या. तक्त्यातला मणक्यांचा रकाना उडवला. त्यात सगळ्या प्रदेशांचे आकडे जवळपास सारखेच होते, तुलनेत काही मजाच येत नव्हती.

चालायला जाणं उद्यापासून. व्याख्यानाच्या तयारीत बसून राहावं लागतं, याला माझा इलाज नाही.

१४ फेब्रुवारी

व्याख्यानासाठी कोट शिवायला टाकला होता, तो आणायला गेलो. घालून बघितला तर पुढून लोंबतोय आणि मागून आखूड. पोटावर गुंडी लागेना, पाठीतही ताण. शिंप्याला विचारलं की तू कोट शिवलास की तंबू? तो म्हणाला, साहेब, कोट सरळ आहे, पाठ वाकलीय. त्याची टेप हिसकून माझ्या स्टीलच्या पट्टीला लावली. टेप बरोबर निघाली. टेप बरोबर ठेवून माप मारणारे सगळ्यांत पोचलेले असतात. म्हटलं, दुकानाला सील ठोकीन. तो दोरा तोडत म्हणाला, साहेब, तुम्ही रिटायर झालात त्याला लई वर्षं झाली.

ही बाहेर पायरीवर थांबली होती. आत येऊन तिने त्याला सॉरी म्हटलं, मला नाही. दुसऱ्या संकल्पाबद्दल: रागावर ताबा होता, म्हणूनच पट्टी मारली नाही.

२० फेब्रुवारी

सकाळी शिंक आली आणि पाठीत अशी कळ गेली की पलंगाची कड धरून उभा राहिलो. गॅस. गॅस पाठीत धरतो हे कुणालाही विचारा. ही लगेच म्हणाली, आता तरी एक्स-रे काढू या. मी म्हटलं, आधी माप सिद्ध कर, मग मोज. ती म्हणाली, कुणाचं माप सिद्ध करू, तुमच्या शिंकेचं? आणि आत निघून गेली.

संध्याकाळी गादीवाल्याकडे गेलो. गादी मधोमध खचलीय, त्याने कळ येते. त्याचा माणूस घरी येऊन गादी दाबून गेला आणि म्हणाला, गादी सपाट आहे. सगळे एकमेकांना सामील आहेत.

२२ फेब्रुवारी, रविवार

बाल्कनी चालूच. आज मीही दिवसभर मौन धरलं. संध्याकाळपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही. मग मलाच सांगावं लागलं.

३ मार्च

साडू आला. दार मी उघडलं, कोट घालूनच. बघतो तर त्याचे डोळे थेट माझ्या डोळ्यांसमोर. मी आणखी ताठ झालो, पाठीतून सणक गेली, पण डोळे तिथेच. म्हटलं, या घरात बूट चालत नाहीत. त्याने बूट काढले. तरी तेवढाच. मोज्यांच्या आत काहीतरी घालतो. तिकडे हल्ली तसलं मिळतं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, भाऊ, पाठीला काय झालं? म्हटलं, लांबचा प्रवास झालाय तुझा, तुला सगळंच वाकडं दिसतंय. जेवताना ही आणि तो हळू आवाजात बोलत होते. मी आलो की मीठ मागायचे.

८ मार्च, रविवार

आता दोघं. दोघांच्या हातात पाण्याचे पेले, दोघं बाल्कनीत उभे, दोघं गप्प. मला बघून साडूने तिसरा पेला दाखवला आणि आत या म्हणाला. माझ्याच बाल्कनीत मला आत या म्हणतो. घरात माझ्याविरुद्ध आघाडी झालीय हे आता उघड आहे. मी पेपर उलगडून समोरच बसलो. वाकून खालची पुरवणी उचलताना पुन्हा गॅस.

१५ मार्च, रविवार, सकाळ

आज संध्याकाळी सभा. रात्री झोप नाही, पण उत्साहाने. उशीवर डोकं ठेवलं की पाठ टेकत नाही, पाठ टेकली की डोकं टेकत नाही, ही गादीची तक्रार व्याख्यान झाल्यावर ग्राहक मंचात नेणार. बाल्कनीत आघाडी उभी आहे. राहू दे. संध्याकाळी पन्नास माणसांसमोर साडूला मान वर करून माझ्याकडे बघावं लागेल. मी मंचावर, तो खाली.

१७ मार्च, हॉस्पिटल

व्याख्यान यशस्वी. आभारप्रदर्शन माझ्या गैरहजेरीत झालं.

झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण बाकीचे वेगळं सांगत सुटलेत. माइकचा दांडा कुणीतरी मुद्दाम वर केला होता, त्यामुळे अर्धं व्याख्यान आकाशाकडे बघून द्यावं लागलं. तरी खुब्याच्या स्लाइडला टाळ्या पडल्या. मी म्हटलं, भरीव हाडांचा तोरा मिरवणाऱ्यांचेच खुबे मोडतात, आमची हाडं हलकी पण इमानी. तेवढ्यात साडूने हात वर केला. म्हणाला, भाऊ, त्या लेखात मणक्यांचाही रकाना होता, तो कुठे गेला? मी म्हटलं, ज्यांना खुबे सांभाळता येत नाहीत त्यांनी आमचे मणके मोजू नयेत. कुणी हसलं नाही. सभागृहातला पंखा फार आवाज करतो.

तेव्हा वाटलं की शब्दांपेक्षा प्रात्यक्षिक बरं. मंचाच्या कोपऱ्यात पाण्याचा भरलेला जार होता. आपलं हाड काय असतं ते बघा, असं म्हणून उचलायला वाकलो. पाठीत काहीतरी कट्‌ वाजलं. जार वर आला नाही. मीही आलो नाही.

अँब्युलन्समध्ये साडूने माझं डोकं धरलं होतं. जागा कमी होती, म्हणून हाकललं नाही.

१८ मार्च

एक्स-रे दाखवला. बाकीचे मणके चौकोनी, तीन पुढून पाचरीसारखे चेपलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन जुने आहेत, तिसरा रविवारचा. आज त्या हसल्या नाहीत. मला ते हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

फिल्म हातात घेऊन चारी कोपरे बघितले. नाव, वय, तारीख. कुठल्या प्रदेशाच्या लोकांशी तुलना केलीय ते कुठेच नाही. विचारलं. त्या म्हणाल्या, हा फोटो आहे, यात तुलना नसते. मग म्हणाल्या, खुबे मोडण्यात देशादेशांत फार फरक पडतो, मणक्यांच्या बाबतीत त्यामानाने कमी, आणि निम्म्याहून जास्त लोकांना मणका खचल्याचं कळतही नाही. पाठ धरली म्हणतात, गॅस झाला म्हणतात. हे त्यांना हिने सांगितलं असणार.

नंतर हिला विचारलं की बाल्कनीतला राग कसला होता. ही म्हणाली, गोळी घेत होते मी. भाऊजी तिकडे दोन वर्षं घेताहेत. तुमचीही दर रविवारी उशाशी ठेवत होते. मी म्हटलं, मग सांगायचं. ती म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही म्हणालात माप सिद्ध कर. थोडा वेळ ती पिशवीत काहीतरी शोधत राहिली. मग म्हणाली, मी थकले आता. घरी आल्यावर घ्यायची असेल तर घ्या. नसेल तर सुतार, शिंपी, गादीवाला, ज्यांची ज्यांची चूक आहे त्यांना बोलवा, ते उठवतील तुम्हाला रोज सकाळी.

एवढं ती कधी बोलत नाही. मी डोळे मिटून घेतले. औषधांची गुंगी असते.

२९ मार्च, रविवार, घरी

कमरेपासून छातीपर्यंत पट्टा. हॉस्पिटलातून निघताना नर्सने उंची मोजली. मी माझी स्टीलची पट्टी मागवून घेतली होती आणि तिच्याकडून त्याच पट्टीने पुन्हा मोजून घेतली. पाच फूट पाच. पट्टी उत्तम आहे, मीच प्रमाणित केलेली.

गोळी घेतली. तिघंही बाल्कनीत उभे. समोरच्या इमारतीत काय चाललंय ते ती दोघं एकमेकांना सांगत होती. मला कठड्याची जाळी दिसते.

५ एप्रिल

आज साडू निघाला. दात झाले. त्याने गेले तीन आठवडे मला आंघोळीला धरून नेलं, ते लिहायला नको होतं, पण लिहिलं. जाताना त्याला एक सणसणीत वाक्य ऐकवायचं म्हणून सकाळपासून मनात घोळवत होतो. दारापर्यंत गेलो. ही मागे उभी होती. मान जेमतेम वर होते, मला त्याच्या शर्टाची खालची गुंडी आणि बॅगेचा पट्टा एवढंच दिसत होतं, आणि गुंडीला उद्देशून काही बोलता येईना. टॅक्सीवाला खालून हॉर्न देत होता. साडू हलला नाही. मग त्याने बॅग जमिनीवर ठेवली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, आणि माझ्याशी बोलायला खाली वाकला.